हर्षालीच्या खळ्यावरचा रूळ

तुमच्यातली निम्मी पोरं माझ्यावर बसून बोरं खाऊन गेली आहेत, मित्रांनो, आणि खाली कोण आहे हे एकानंही विचारलेलं नाही. बिया मात्र माझ्याच अंगावर थुंकलात. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मी एक जुना दगडी रूळ आहे. आगगाडीचा नव्हे, खळ्यावरचा. सास्तूरच्या अलीकडं, एका शेताच्या कडेला माझा मुक्काम असतो. माझं वजन विचारू नका. मला उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही नंतर कमरेला हात लावून बसतात.

मला माणसं फारशी आवडत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. त्याला कारणं आहेत.

मी डोंगराच्या पोटात सुखात होतो. शिवेपलीकडच्या एका कानडी पाथरवटानं मला तिथून फोडून काढलं. गोल करायचं म्हणून माझा निम्मा देह त्यानं चिपा करून उडवला. दोन्ही टोकांना भोकं पाडली, त्यांत लोखंडी खुंट ठोकले, आणि मग पाठीवर हात फिरवून म्हणाला, चांगला झाला. माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. ती कोणत्या किमतीला मिळाली ते तुम्ही बघताच आहात.

रामहरी नावाच्या शेतकऱ्यानं मला गाडीत घालून इकडं आणलं. त्याचं खळं साऱ्या शिवारात मोठं होतं, चार घरांच्या राशी एकदम पडायच्या. मुरूम आणि पांढरी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, वरून मला फिरवायचं, मग शेणानं सारवायचं. वाळलं की जमीन परातीसारखी वाजायची. त्यावर ज्वारीची कणसं पसरत आणि बैल मला ओढत गोल गोल फिरत. माझ्याखालून दाणा मोकळा होई. रास लागली की तिला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, आणि चिमूटभर हळद माझ्याही कपाळी लागे. खळ्यात पायताण घालून कुणी यायचं नाही. पाहुणा असो, तलाठी असो, चपला बांधावर काढूनच आत. त्या दिवसांत मला माणसं जरा बरी वाटत होती.

मग मळणी मशीन आलं. माझं महिनाभराचं काम त्यानं एका दुपारी उरकलं आणि धूळ उडवून निघून गेलं. तेव्हापासून माझ्यावर विळे घासले गेले, गोधड्या वाळल्या, म्हैस बांधली गेली. भूकंप झाला तेव्हा गाव पडलं. मी जागचा हललो नाही. लोकांना नवी घरं मिळाली. मी होतो तिथंच राहिलो.

रामहरी म्हातारा होऊन गेला. मागं दोन मुलं, थोरला बब्रुवान आणि धाकटा बालाजी. वाटणी झाली. शेत वाटलं, झाडं वाटली, खळंही मधोमध वाटलं. उगवतीकडचं बब्रुवानचं, मावळतीकडचं बालाजीचं. विहिरीचं पाणी आणि मी, दोघंच सामाईक राहिलो. पाण्याला निदान दोघंही विचारत होते.

बालाजी धाराशिवला एका कचेरीत शिपाई होता. तिथं साहेब लोकांच्या क्लबात टेनिसचं मैदान होतं. ते झाडायचं, पाणी मारायचं, फक्कीनं रेघा आखायच्या, हे काम त्याच्या गळ्यात पडलं. साहेबांना चौथा गडी कमी पडला की बालाजीला हाक. अशा हाका खाता खाता तो खेळायला शिकला, आणि साहेबांना जिंकू कसं द्यायचं हेही शिकला. पुढं लोहाऱ्याला बदली झाली तेव्हा तो गावी राहायला आला. येताना दोन जुन्या रॅकेटी आणि केस गेलेल्या चेंडूंची एक पिशवी घेऊन आला. बायको जगदेवीनं ती पिशवी बघून कपाळाला हात लावला.

त्याची मुलगी हर्षाली तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती. पोरीला खेळायला जागा हवी, म्हणून तो भावाकडं गेला. खळं अर्धं अर्धं असलं तरी मैदान सगळं लागणार होतं. बब्रुवाननं बराच वेळ तंबाखू मळली.

“खेळू दे पोरीला,” तो म्हणाला. “पर खळं ते खळं. पायताण आत येणार न्हाय.”

झालं. कोळ्याच्या जाळ्यातून माशी काढावी तसं मला गवतातून काढलं. खळं जसं करतात तसंच मैदान केलं, शेणाच्या सड्यासकट. द्राक्षबागेवर पाखरं बसू नयेत म्हणून टाकतात ती जाळी दुमडून मध्ये बांधली, ती नेमकी वाटणीच्या रेघेवर. आणि हर्षाली तिथं अनवाणी खेळायला शिकली. पलीकडच्या अंगाला बब्रुवानची मुलगी मोनिका उभी राहायची, तीही अनवाणी. पायाच्या बोटांनी जमीन धरायची, झटकन थांबायचं, झटकन फिरायचं. मुंग्यांनासुद्धा धक्का लागत नसे.

रोज सकाळी बालाजी दोराच्या एका अंगाला आणि ती पोर दुसऱ्या अंगाला, असे मला ओढायचे. आधी मला राग यायचा. उभ्या आयुष्यात बैलाखेरीज कुणी ओढलं नव्हतं, आणि आता ही चिमणी. पण ती दोर सोडायची नाही. तिच्या खांद्यातला जोर माझ्या वजनावर वाढला. पुढं पेपरात बातमी आली तेव्हा तो जोर म्हशीच्या दुधाचा आहे असं छापून आलं. म्हैस अजून मिजाशीत असते.

हर्षाली सोलापुरात जिंकली, मग आणखी कुठं कुठं जिंकली. पुण्याच्या एका अकादमीनं तिला ठेवून घेतलं. शाळा संपली तशी ती त्याच धंद्यात उतरली. हो, धंदाच. तुम्हाला वाटतं खेळ म्हणजे मौज. तो तिचा रोजगार होता. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं, आधी पात्रता फेरीत तीन मुली हरवायच्या, तेव्हा कुठं मुख्य फेरीत उभं राहायला मिळायचं, आणि तिथं एक सामना जिंकला तर एक गुण. असे गुण साठले की जगाच्या क्रमवारीत नाव लागतं. वर्ष उलटून गेलं आणि हर्षालीला एकही गुण मिळाला नाही.

ती हरत होती हे मला शांतलिंगकडून कळायचं. शांतलिंग म्हणजे गावाचा पुढारी. संध्याकाळी माझ्यावर बसून तो सगळ्यांचा हिशोब करी. हर्षाली सुट्टीला आली की तो मुद्दाम मोठ्यानं विचारी, “काय गं, औंदा कुठं हरून आलीस?” आणि भोवतीची माणसं हसत. ज्यांना चेंडू कुठल्या बाजूनं धरायचा ते ठाऊक नाही, ती माणसं. मला त्या वेळी पाय असते तर मी शांतलिंगच्या पायावरून एकदा सावकाश गेलो असतो.

खोट कुठं होती ते पुण्याच्या मास्तरीणबाईंनी ओळखलं होतं. हर्षाली बूट घालूनही अनवाणी असल्यासारखी पळायची. मातीच्या मैदानावर चेंडू लांब पडला की बुटावर घसरत जायचं असतं, घसरता घसरता मारायचं असतं. तिचे पाय जन्मभर जमीन धरायला शिकलेले. ती घसरायची नाही, अडकायची. दोनदा घोटा मुरगळला. बाईंनी सांगितलं, मातीवर बूट घालून रोज घासल्याशिवाय हे जायचं नाही. पण अकादमीत मातीची मैदानं दोनच, आणि त्यांवर वरच्या नंबरच्या मुलींचा हक्क आधी. हिवाळ्यात दक्षिणेत मातीवरच्या स्पर्धा होत्या. हर्षालीनं घरी सांगून टाकलं की या खेपेला मुख्य फेरीत जिंकले नाही तर रॅकेट ठेवून देते आणि कुठंतरी शाळेत खेळाची शिक्षिका होते.

म्हणून ती बॅग घेऊन घरी आली. माती कुठं होती? आमच्याकडं.

आता बब्रुवानचंही ऐका. तो सुखासुखी वाईट नव्हता, त्याला वाईट व्हायला कारण मिळालं होतं. मोनिकाला बघायला वाशीकडचे पाहुणे आले होते. चहा पिऊन ते बांधावर फिरायला निघाले. समोर हर्षाली तोकड्या कपड्यात रॅकेट हाणते आहे. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही. मोनिकाला त्याचं काही नव्हतं, तिनं मुलगा पाहिला होता. पण बब्रुवाननं त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं आणि मोनिकाला खळ्यावर यायची बंदी केली.

आणि अशात एका सकाळी हर्षाली बूट घालून खळ्यात उतरली. स्वतःच्याच अर्ध्यात. पण उतरली.

बब्रुवाननं बांधावरून पाहिलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वळून गेला आणि दुपारी ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं आपलं अर्धं खळं नांगरून घेतलं. बापानं केलेली, आम्ही दाबलेली, हळदीनं पुजलेली जमीन, तिची ढेकळं निघाली. नांगर जाळीपर्यंत आला आणि तिथंच वळला. बालाजी कचेरीतून आला, त्यानं पाहिलं आणि तसाच सायकल धरून उभा राहिला. जगदेवीनं चूल पेटवली नाही. मी दगड आहे, मित्रांनो, मला काही होत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हर्षालीनं माझा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मला ओढत जाळीच्या खालून चुलत्याच्या नांगरटीत नेलं. ढेकळांत मी रुतलो. ती ओढतच होती. बब्रुवान आला. त्यानं दोर हिसकला नाही, हात उगारला नाही. तो माझ्यावर येऊन बसला. धोतर सावरून, मांडी घालून. सामाईक वस्तू, बसायचा हक्क होताच त्याला. वर माणूस बसलं की रूळ फिरत नाही.

“बसा आबा,” हर्षाली म्हणाली. “ऊठ म्हणत न्हाय मी तुमाला. येकच सांगा. काल ट्रॅक्टरवाल्यानं पायताण कुठं काढलं हुतं?”

बब्रुवाननं तोंड दुसरीकडं वळवलं.

“बांधावर काढलं?”

“गप बस.”

“बूट घालून उतरला त्यो. खळ्याच्या मधी उभा राहून गुटखा थुकला. मी बघत हुते, तुमी पण बघत हुता.”

“तुझ्यापायी झालं समदं.”

“व्हय. बूट मी घातले. दोष माझाच. पर नांगर मी न्हाय लावला आबा. माझ्या बुटानं खळं बाटलं, आन नांगरानं काय झालं ते तुमीच सांगा.”

मी खाली होतो, म्हणून मला कळलं. त्याच्या अंगातला ताठा माझ्या अंगावर हळूहळू उतरत गेला. पण तो उठेना. सूर्य वर आला. ती दोर धरून उभी आणि तो बसलेला. शेवटी त्याची बायको गिरिजाबाई न्याहारी घेऊन बांधावर आली. तिनं दोघांना पाहिलं, भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, “उठा आता. दगडावर बसून पिली निघायची न्हाईत.”

बब्रुवान उठला. धोतर झटकलं.

“हात लावू नगंस,” तो पोरीला म्हणाला. “खळं माझं हाय. म्या बिघडिवलं, म्या करतो. तुझ्यासाठी न्हाय.”

आणि त्यानं ते केलं. तुमच्यासारखं वरवर नव्हे. ढेकळं फोडली, दगडगोटे वेचले, ओढ्याकाठून पांढरी माती आणली, पाणी मारून रात्रभर मुरू दिली. बैलं त्याच्याकडंच होती, त्यांना जुंपून मला फिरवलं. मशीन आल्यापासून बैलांच्या मागं मी पहिल्यांदाच फिरत होतो. त्यांना गोल फिरायचं ठाऊकच नव्हतं, ती सारखी सरळ रानात निघायची आणि बब्रुवान त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण जमीन अशी झाली की तशी रामहरीच्या वेळीही झाली नसेल.

झाली, तर आता बालाजीचं अर्धं त्याच्याशेजारी खडबडीत दिसायला लागलं. बब्रुवानला ते बघवेना. भावाशी तर बोलायचं नव्हतं. तेव्हा तो माझ्याशी बोलायला लागला.

“रुळा, त्याला सांग,” भाऊ दोन हातांवर उभा असताना तो म्हणायचा, “ह्याला खळं म्हणत न्हाईत. ह्यात भुईमूग पेर म्हणावं.”

बालाजीही मग माझ्याशीच बोलू लागला. “रुळा, सांग त्याला, आमी नोकरदार माणसं. आमाला कुठं जमतंय.”

“पाणी जास्ती झालं म्हणावं.”

“कमी करतो म्हणावं.”

मी मध्ये पडून होतो. माझ्या अंगावरून इतकी बोलणी कधी गेली नव्हती. दोघांनी मिळून ते अर्धंही दुरुस्त केलं, आणि दोघांनी मिळून केलं असं दोघांपैकी एकालाही आजवर मान्य नाही.

बूट मात्र बब्रुवानच्या अर्ध्यात चालले नाहीत ते नाहीतच. हर्षालीनं वादही घातला नाही. ती आपल्या अर्ध्यात बूट घालून उभी राहायची. पलीकडं मोनिका. गिरिजाबाईनं नवऱ्याला सांगितलं होतं की पोरीला बसवून बसवून ती जाड व्हायला लागली आहे, आता कुठलाही पाहुणा परत जाईल, आणि या एका वाक्यावर बंदी उठली होती. मोनिका अनवाणी उभी राहून कोपऱ्यात चेंडू टाकायची. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या.

मला टेनिस कळत नाही. मला जमिनीवरच्या खुणा कळतात. पहिल्या आठवड्यात हर्षालीच्या बुटांच्या खुणा तुटक होत्या, कुत्र्यानं उकरल्यासारख्या. ती पडायची, गुडघे सोलायचे, जगदेवी हळद भरायची आणि आत जायची. शांतलिंग बघायला यायचा आणि म्हणायचा, पोरीला आता पडायलाही शिकवत्यात व्हय. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुन्हा पळायची. मग खुणा हळूहळू लांब होत गेल्या. थंडी पडेपर्यंत अशा झाल्या की लिंपलेल्या भिंतीवरून आईनं ओला हात फिरवावा. संध्याकाळी मला त्यांवरून फिरवून त्या पुसत, आणि खरं सांगतो, मला त्या पुसाव्याशा वाटत नसत.

ती दक्षिणेत खेळायला गेली. आम्हाला तिथलं काही दिसत नव्हतं. बालाजीच्या मोबाईलवर नुसते आकडे यायचे. पात्रता फेरीत ती एकामागून एक तिघींना हरवून पुढं गेली. मुख्य फेरीच्या दिवशी बालाजीनं रजा काढली आणि मोबाईल धरून तो माझ्यावर येऊन बसला. समोर परदेशातली मुलगी होती, तिच्यापेक्षा खूप वरची.

बब्रुवान त्या दिवशी आपल्या अर्ध्यात तूर वाळत घालत होता. वाळलेलीच होती. तो आमच्याकडं पाठ करून ती पुन्हा पुन्हा उलटीपालटी करत होता.

“रुळा,” काही वेळानं तो म्हणाला, “विचार त्याला, काय झालं.”

“पहिला सेट गेला म्हणावं,” बालाजी म्हणाला.

तूर उलटली. पुन्हा उलटली.

“रुळा.”

“दुसरा आपला म्हणावं.”

मग तिसरा, शेवटचा सेट सुरू झाला. मोबाईलवर आकडा बदलला की बालाजीच्या टाचा माझ्यावर आपटायच्या. मधे रेंज गेली. तो उठून उभा राहिला, हात वर करून फिरला, बांधावर चढला, खाली आला. पुन्हा माझ्यावर बसला. मग त्याच्या टाचा थांबल्या. तो हलेनाच.

“रुळा, बहिरा झालास का?” बब्रुवानचा आवाज चढला. “विचार की त्याला.”

बालाजीनं वर पाहिलं. माझ्याकडं नव्हे. “जितली, दादा,” तो म्हणाला.

बब्रुवान वळला. भावाचं तोंड त्यानं पाहिलं, डोळे पाहिले.

“मग रडतोस कशाला? म्हशीला पाणी दाव. सकाळधरनं तान्हेली हाय ती.”

आणि तो तुरीकडं वळला. ती तूर त्यानं पोत्यात भरली, ओतली, पुन्हा भरली आणि पुन्हा ओतली. मी मोजत नव्हतो, पण ओतल्याचं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हर्षाली पुढचा सामना हरली. पण गुण तो गुण. रॅकेट ठेवायची नव्हती. ती तिथूनच पुढच्या गावी गेली, तिथून पुढच्या.

गावाला ते कळलं तेव्हा शांतलिंगला एकदम आठवलं की ही पोर आपली आहे. फलक लागला. हर्षालीच्या फोटोपेक्षा शांतलिंगचा फोटो मोठा. सत्कार खळ्यावरच ठरला, जिथं ती घडली तिथं, असं तोच म्हणाला. मंडळी आली, खुर्च्या आल्या, कर्णा आला. हर्षाली आली नाही. तिचा त्या दिवशी सामना होता. आता आणलेल्या हाराचं काय करायचं? बालाजी कचेरीत होता, बब्रुवान बांधावर उभा राहून एकेकाला बूट काढायला लावत होता आणि हार घ्यायला तयार नव्हता. शेवटी तो हार माझ्या गळ्यात घातला. मला गळा नाही. त्यांनी खुंटाला अडकवला. माझ्यावर एक पाय ठेवून शांतलिंगनं भाषण केलं, या दगडाचं ऋण गाव विसरणार नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. संध्याकाळी शेळीनं हार खाल्ला. त्यानंतर त्यांतला एकही माणूस इकडं फिरकलेला नाही.

फाल्गुनात हर्षाली चार दिवस घरी आली. गिरिजाबाईनं तिला जेवायला बोलावलं, आणि जेवणानंतर ती आणि बब्रुवान माझ्यापाशी येऊन बसले. त्यानं विचारलं की त्या गुणाचं पुढं काय होतं. तिनं सांगितलं, वर्षभर राहतो. मग जातो.

“जातो म्हंजे?”

“म्हंजे खोडत्यात आबा. वर्ष भरायच्या आत पुन्हा कुठंतरी जिंकायचं. न्हाय तर परत शून्य.”

“जितलेलं खोडत्यात?”

“व्हय. समद्यांचंच खोडत्यात. पहिल्या नंबरवालीचं पण.”

बब्रुवाननं तंबाखू काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. मला वाटलं आता तो त्या जगाला, त्या क्रमवारीला, टेनिसच्या साऱ्या खानदानाला शिव्या देणार. पण तो खळ्याकडं बघत राहिला. दोन महिने पोर नव्हती, कुणी मला फिरवलं नव्हतं. उन्हानं भेगा पडल्या होत्या, कडेनं हराळी आत यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी त्यानं माझा दोर खांद्याला लावला. बैलं दुसरीकडं कामाला होती. एकट्यानं मी हलेना. त्यानं मला शिव्या घातल्या, माझ्या पाथरवटाला घातल्या, भूकंपालाही घातल्या, मला तेवढं उचलून का नेलं नाहीस म्हणून. आवाज ऐकून बालाजी आला. त्यानं दोराचं दुसरं टोक धरलं.

“रुळा, त्याला सांग,” बब्रुवान म्हणाला, “सरळ वढ म्हणावं. कचेरीतल्यावानी नगं.”

त्याला आता बरेच महिने झाले. मोनिकाचं लग्न झालं, ती ढोकीकडं दिली. हर्षाली कुठल्या कुठल्या देशात असते. तिचा तो पहिला गुण जायची तारीख जवळ येते आहे. दुसरा एक मिळाला आहे, तिसऱ्यासाठी ती पळते आहे. अधूनमधून घरी येते, चार दिवस घासते आणि जाते. ती कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून दोघं भाऊ रोज पाणी मारतात आणि रोज मला ओढतात. अजून माझ्यामार्फतच बोलतात. बालाजीनं त्या दिवशी दादा म्हटलं, ते तेवढंच.

मित्रांनो, मी प्रेमळ नाही हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला उपदेश करायचीही सवय नाही. पण दाबलेली जमीन दाबलेली राहत नाही, एवढं मी सांगू शकतो. तिला पाऊस सैल करतो, ऊन फोडतं, आणि कुणी काही केलं नाही तर नुसता काळ पुरतो. तुमच्या गावातही कुणी पोर पळत असेल. ती हरली की हसायला जाल आणि जिंकली की हार घेऊन जाल, मला तुमची जात ठाऊक आहे. दोन्ही वेळी घरी बसा.

यायचंच असेल तर पहाटे या. बब्रुवानचा गुडघा आता दुखतो, मधेच तो थांबतो, आणि मी थांबलो हे बघून मलाच ओरडतो. बालाजी तेवढ्या वेळात एकटाच दोर ताणून धरतो. दोघांच्या मधे जागा आहे. तिथं खांदा लावा. शिव्या पडतील. पडू द्या. ओढा.